सोमेन: भर उन्हाळ्यातल्या थंडगार जपानी नूडल्स घरी नीट कशा करायच्या

जपानचा उन्हाळा दमट असतो. ओसाका-क्योतोकडे जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशी ओलांडतो, वर घामाची चिकचिक. मुंबईकराला त्याचं वर्णन करून सांगायची गरज नाही. अशा दिवसांत भूक मरते, गॅससमोर उभं राहवत नाही, आणि तरी दुपारी पोटात काहीतरी जायला हवं असतं. तेव्हा जपानी घरांत सोमेन होतं. गव्हाच्या अतिशय बारीक नूडल्स दोन मिनिटं उकडायच्या, गार पाण्यात धुवायच्या, बर्फाच्या पाण्यातून काढायच्या आणि त्सुयू नावाच्या थंड, खारट-गोडसर रसात बुडवून खायच्या.

कृती एवढीच असल्यामुळे लोक ती गृहीत धरतात आणि मग ताटात चिकट, कोमट गोळा येतो. सोमेन पातेल्यात बिघडत नाही, ते सिंकमध्ये बिघडतं. उकडणं दोन मिनिटांचं आहे, पण धुणं मन लावून करावं लागतं. त्सुयूला वेळ लागतो म्हणून तिची तयारी आदल्या रात्रीच सुरू करायची. या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकी सगळं जमतं, म्हणून या लेखातली जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

सोमेन घेताना

जपानी मानकांप्रमाणे यंत्रावर केलेल्या नूडल्सचा व्यास 1.3 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ते सोमेन. 1.3 ते 1.7 मिलिमीटरपर्यंत हियामुगी आणि त्यापुढे उदोन. पीठ तेच, पाणी-मीठ तेच, फरक जाडीचा.

खरा फरक मात्र हाताने ओढलेल्या आणि यंत्राने कापलेल्या सोमेनमध्ये आहे. यंत्रावर पिठाची पोळी लाटून तिच्या पट्ट्या कापतात. हाताच्या पद्धतीत मळलेल्या पिठाचा जाड दोर करतात, सुकू नये म्हणून त्याला तेलाचा हात लावतात, पीळ देतात आणि दोन काड्यांवर घेऊन टप्प्याटप्प्याने ओढत नेतात. मधे मधे पीठ मुरू देतात, त्यामुळे हे काम दोन दिवस चालतं. आपल्याकडे हातशेवया करणाऱ्या बायका पीठ ओढून लांबवतात, तेच तत्त्व इथे आहे. पण आपल्या शेवया उन्हाळ्याच्या, आणि सोमेन थंडीतलं, कारण कोरड्या गार हवेत पीठ ताब्यात राहतं. ओढल्यामुळे गव्हातलं ग्लुटेन धाग्याच्या लांबीत सरळ बसतं. म्हणूनच एक मिलिमीटरहून बारीक असलेला हा धागा उकडून, चोळून धुतला तरी तुटत नाही आणि दाताखाली त्याचा कस जाणवतो.

नारा प्रांतातल्या साकुराई शहराजवळचं मिवा हे सोमेनचं मूळ गाव मानलं जातं. ह्योगो प्रांतातल्या हारिमा भागात, तात्सुनोच्या आसपास, 'इबोनोइतो' या नावाने विकलं जाणारं सोमेन होतं. त्याच्या जुड्यांना बांधलेल्या पट्टीच्या रंगावरून प्रत कळते: लाल पट्टी नेहमीची, काळी पट्टी त्याहून बारीक आणि महाग. शोदोशिमा बेटावर दोराला तिळाचं तेल लावतात. नागासाकीकडचं शिमाबाराही सोमेनसाठी नावाजलेलं आहे. पहिल्यांदा करत असाल तर लाल पट्टीचं किंवा त्या तोडीचं कुठलंही हाताने ओढलेलं सोमेन घ्या. फार बारीक प्रतीला उकडताना पंधरा सेकंदांचा फरकही सोसत नाही, तिकडे हात बसल्यावर वळावं.

पुण्या-मुंबईत जपानी किराणा नसला तर कोरियन दुकानात विचारा. त्यांच्याकडे 'सोम्योन' नावाच्या गव्हाच्या बारीक पांढऱ्या नूडल्स असतात. या पदार्थाला त्या चांगल्या चालतात. आपल्या दुकानातल्या भाजक्या शेवया मात्र घेऊ नका. त्या खिरीसाठी असतात, इथे चोळून धुताना त्यांचा चुरा होतो. तांदळाच्या शेवयांचा पदार्थ होईल, पण तो सोमेन नव्हे.

घरी आणल्यावर पाकीट मसाल्याच्या कपाटात ठेवू नका. सुकं सोमेन वास फार पटकन ओढून घेतं, आणि हिंग-गरम मसाल्याचा वास लागला की धुऊनही जात नाही. घट्ट झाकणाचा कोरडा डबा, जमल्यास वेगळं कपाट. पावसाळ्यात तर याची जास्तच काळजी घ्या.

आदल्या रात्री: त्सुयू

दाशी (पाण्यात उतरवलेला चवदार अर्क), सोया सॉस आणि मिरिन (तांदळापासून केलेलं गोड मद्य) या तीन गोष्टींची त्सुयू होते. बुडवून खायच्या त्सुयूला चारास एक-एक हे प्रमाण लक्षात ठेवा: चार भाग दाशी, एक भाग सोया सॉस, एक भाग मिरिन. दोघांसाठी 240 मिलिलिटर दाशी, 60 मिलिलिटर सोया सॉस आणि 60 मिलिलिटर मिरिन भरपूर होतं.

दाशी म्हणजे या पदार्थाचा कणा. जपानमध्ये ती बहुधा कोम्बू या समुद्री वनस्पतीची आणि कात्सुओबुशीची, म्हणजे वाळवून-धुरी देऊन कडक केलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांची असते. ज्यांच्या घरी मासे शिजत नाहीत त्यांनी निराश व्हायचं कारण नाही, कारण कोम्बू आणि सुक्या शिइताके मशरूमची दाशी ही तडजोड नव्हे. बौद्ध मठांच्या शाकाहारी स्वयंपाकात ती मानाने वापरली जाते. तिच्या चवीचं कारणही माहीत आहे. 1908 मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोम्बूमधला चव देणारा घटक, ग्लुटामेट, वेगळा केला आणि त्या चवीला उमामी म्हटलं. 1913 मध्ये शिन्तारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतलं इनोसिनेट शोधलं, तर 1957 मध्ये अकिरा कुनिनाका यांनी शिइताकेतल्या ग्वानिलेटचा चवीतला वाटा दाखवला. ग्लुटामेटला या दोहोंपैकी एकाची जोड मिळाली की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते. म्हणजे मासा असो की मशरूम, जोडी जुळली पाहिजे. एकट्या कोम्बूची दाशी थंड त्सुयूत पातळ वाटते.

शाकाहारी दाशीसाठी अर्धा लिटर प्यायच्या पाण्यात साधारण 5 ग्रॅम कोम्बू आणि तीन मध्यम सुके शिइताके घाला आणि झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. कोम्बूवर पांढरी पूड दिसेल. ती बुरशी नाही, चवीचाच भाग आहे, धुऊन टाकू नका. धूळ असेल तर ओल्या फडक्याने पुसा. शिइताके गरम पाण्यात भिजवायचा मोह टाळा. थंड पाण्यात सावकाश भिजलेल्या मशरूमची चव खोल आणि स्वच्छ येते, गरम पाण्यात घाईने भिजवलेल्याला उग्रपणा राहतो.

सकाळी हे सगळं तसंच मंद आचेवर ठेवा. पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागले की कोम्बू बाहेर काढा. पाणी खळखळेपर्यंत तो आत राहिला तर दाशी बुळबुळीत होते आणि समुद्राचा वास वर येतो. शिइताके आत राहू द्या, पाच मिनिटं हलकी उकळी द्या, फेस काढा, मशरूम बाजूला काढून दाशी गाळा. मशरूम पुढे लागणार आहेत.

माशाची दाशी करायची तर कोम्बू अर्धा तास भिजवा, वर सांगितल्याप्रमाणे तापवून काढा, मग पाणी उकळू द्या. गॅस बंद करून 15 ग्रॅम कात्सुओबुशी घाला. दीड-दोन मिनिटांत पापुद्रे खाली बसतात. फडक्यातून गाळा, पिळू नका, पिळलं की कडवटपणा उतरतो.

आता सोया सॉस. आपल्याकडे चायनीजसाठी मिळणारा काळा, दाट सोया सॉस इथे अजिबात वापरू नका. त्याचा रंग कॅरमेलचा असतो आणि चवीत खारटपणाच जास्त असतो. जपानी पद्धतीचा, सोयाबीन आणि गहू आंबवून केलेला सॉस हवा. बाटलीवरची घटकांची यादी वाचा: सोयाबीन, गहू, मीठ, पाणी, इतकीच असली तर उत्तम. या पदार्थात पैसे खर्च करायचे झाले तर इथे करा. पूर्ण चव याच बाटलीवर उभी आहे.

आता मिरिन. अस्सल मिरिनमध्ये 14 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, म्हणून ते आधी एकटंच लहान पातेल्यात उकळायचं. मिनिटभर उकळू दिलं की नाकाला झोंबणारा वास जातो आणि गोडवा मऊ होतो. मग सोया सॉस, मग दाशी. पहिली उकळी दिसताच बंद. मद्य अजिबात नको असेल तर 60 मिलिलिटर मिरिनऐवजी चार चमचे साखर आणि 40 मिलिलिटर पाणी घ्या. मिरिनची चकाकी आणि तांदळाचा मंद गंध येणार नाही, पण त्सुयू चांगली लागते.

त्सुयू काचेच्या बाटलीत भरून किमान चार तास फ्रीजमध्ये ठेवा. चव बघायची ती थंड झाल्यावरच, कारण गरम असताना गोडवा जास्त जाणवतो. आणि नुसती चाखली तर ती थोडी खारट लागली पाहिजे. नूडल्सबरोबर पाणी येतं, तिसऱ्या-चौथ्या घासाला त्सुयू आपोआप फिकी होत जाते. सुरुवातीलाच बेताची ठेवली तर शेवटी ती पाण्यासारखी लागते. फ्रीजमध्ये ती तीन दिवस टिकते.

दाशीतून काढलेल्या शिइताकेंचे देठ कापून टाका, टोप्या उरलेल्या दाशीपैकी 150 मिलिलिटरमध्ये घाला. त्यात एक मोठा चमचा साखर घालून पाच मिनिटं, मग दीड मोठा चमचा सोया सॉस घालून रस जवळजवळ आटेपर्यंत मंद आचेवर शिजवा. गार झाल्यावर पातळ चिरा. सोमेनबरोबरच्या सगळ्या जोडीदारांत मला हाच सगळ्यात आवडतो.

याकुमी

त्सुयूत घालायच्या झणझणीत-सुगंधी गोष्टींना याकुमी म्हणतात. पातीच्या कांद्याची हिरवी पात अगदी बारीक चिरून दोन मिनिटं गार पाण्यात ठेवा आणि घट्ट निथळा, उग्रपणा कमी होतो. ताजं आलं किसा. पांढरे तीळ भाजून चुरडा. वासाबी मिळाली तर चिमूटभर. जपानमध्ये शिसोची पानं आणि म्योगाच्या कळ्या घालतात. त्या आपल्याकडे सहज मिळत नाहीत, आणि त्यांच्या जागी कोथिंबीर किंवा पुदिना घालू नये असं माझं ठाम मत आहे. दोन्हींचा वास दाशीला पूर्ण झाकून टाकतो. आलं, पात आणि तीळ एवढं पुष्कळ झालं.

शेजारी काकडीच्या बारीक काड्या, अंड्याच्या अगदी पातळ ऑम्लेटच्या सुतासारख्या पट्ट्या, ते शिजवलेले शिइताके ठेवा. वांगं आवडत असेल तर कागावा प्रांतात वांग्याचं सोमेन करतात. वांगी उभी चिरून, सालीवर चिरा देऊन तेलात परतायची, दाशी-सोया सॉस-साखरेत मऊ होईपर्यंत शिजवायची आणि त्या रसासकट सोमेनबरोबर खायची.

पाण्याची तयारी

हा टप्पा जपानी कृतींमध्ये सापडत नाही, कारण तिथे नळाचं पाणी तसंच पिता येतं. मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापलेलं असतं. त्यात सोमेन धुतलं तर ते शिजतच राहतं. शिवाय शेवटच्या धुण्यानंतर नूडल्स पुन्हा गरम होणार नाहीत, त्या तशाच पोटात जाणार. म्हणून शेवटची दोन पाणी आणि बर्फ प्यायच्या पाण्याचंच हवं. उन्हाळ्यात पोट बिघडायला एवढीशी हयगय पुरते.

सकाळीच तीन लिटर फिल्टरचं किंवा उकळून गार केलेलं पाणी फ्रीजमध्ये ठेवा. फिल्टरच्याच पाण्याचे बर्फाचे दोन ट्रे तयार ठेवा. उकडायला घेण्याआधी ओट्यावर हे मांडून ठेवा: मोठी चाळणी, दोन मोठी पातेली, थंड पाणी, बर्फ. त्सुयू वाट्यांत ओतून पुन्हा फ्रीजमध्ये, याकुमी ताटलीत. घरातले सगळे ताटावर बसले की मगच गॅस पेटवा. सोमेनने माणसांची वाट पाहू नये.

उकडणं

भूक असलेल्या मोठ्या माणसाला 100 ग्रॅम, म्हणजे 50 ग्रॅमच्या दोन जुड्या. उकडून त्याचं वजन अडीच पटीहून जास्त होतं, तेव्हा अंदाजाने वाढवू नका. दोघांच्या 200 ग्रॅमला किमान दोन लिटर पाणी, रुंद पातेल्यात. पाण्यात मीठ घालायचं नाही. पिठातच भरपूर मीठ असतं आणि ते उकळताना व धुताना बहुतेक निघून जातं.

जुड्यांच्या पट्ट्या आधीच सोडून ठेवा. पाणी खळखळू लागलं की काड्या पसरून सोडा आणि लगेच चॉपस्टिकने किंवा लाकडी चमच्याच्या देठाने एकदा सैल करा. मग ढवळत बसू नका. फेस वर चढला की आच कमी करा. जुन्या पद्धतीत इथे गार पाण्याचा हबका मारत. आच हाताशी असताना त्याची गरज नाही, उलट पाण्याचं तापमान पडून नूडल्स मऊ होतात.

दीड मिनिटाला एक धागा काढा, थंड पाण्यात बुडवा आणि चावून बघा. गरम धागा नेहमी जास्त शिजलेला वाटतो, म्हणून थंड करूनच बघायचा. मधे पिठूळ कण जाणवला तर आणखी पंधरा सेकंद. दोन मिनिटांच्या पुढे क्वचितच जावं लागतं. पाकिटावरची वेळ बघा, ती प्रत्येक जाडीला वेगळी असते.

धुणं

झटकन चाळणीत ओता आणि चाळणी नळाखाली धरा. पहिल्या वीस-तीस सेकंदांत हात लावू नका, नुसतं पाणी वाहू द्या आणि चॉपस्टिकने वरखाली करा. गरम असताना धाग्याचा पृष्ठभाग कोवळा असतो, चोळला तर खरवडला जातो. नळाचं पाणी तापलेलं असेल तर पातेल्यात बुडवून दोनदा पाणी बदला.

वाफ गेली, धागे कोमट झाले की हात घाला. दोन्ही हातांत मूठभर धागे घेऊन एकमेकांवर चोळा, दाबा, सोडा, पुन्हा उचला. नाजूकपणा नको. ओढून केलेलं सोमेन हे सहन करतं, त्यासाठीच ते तसं केलेलं असतं. सुरुवातीला बोटांना बुळबुळ लागते आणि पाणी दुधाळ होतं. ती धाग्यावरची शिजलेली पेज आणि करताना लावलेल्या तेलाचा अंश. तेल जुनं असतं, ते राहिलं तर खाताना एक शिळा वास येतो, आणि पेज राहिली तर दहा मिनिटांत सगळं चिकटून बसतं. दुधाळ पाणी ओता, फ्रीजमधलं प्यायचं पाणी घ्या, पुन्हा चोळा. तिसऱ्या पाण्याला बदल बोटांना कळतो: बुळबुळ जाते, धागे गुळगुळीत पण कोरडे लागतात, पाण्यात प्रत्येक धागा वेगळा तरंगतो आणि पातेल्याचा तळ स्वच्छ दिसतो. तोवर थांबू नका. बहुतेक जण दुसऱ्या पाण्याला आवरतं घेतात.

शेवटी बर्फाचं पाणी. दुसऱ्या पातेल्यात पाणी आणि भरपूर बर्फ, त्यात धुतलेलं सोमेन मिनिटभर बुडवा. आतपर्यंत गार झालं की धागा आवळून येतो आणि दाताला कडक लागतो. जास्त वेळ मात्र ठेवू नका, पाणी पिऊन तो फुगतो. चाळणीत काढा आणि वरून हाताने हलकेच दाबून पाणी निथळा.

वाढणं आणि खाणं

जपानमध्ये काचेच्या भांड्यात बर्फाच्या पाण्यातच सोमेन तरंगत ठेवायची पद्धत आहे. दिसायला ते फार सुंदर, पण प्रत्येक घासाबरोबर पाणी येऊन त्सुयू पातळ होते आणि तळचे धागे मऊ पडतात. त्यापेक्षा छोटे वेढे करा: चार-पाच घासांपुरते धागे उचलायचे, दोन बोटांभोवती एक वळसा घ्यायचा आणि बांबूच्या सुपलीवर किंवा जाळीच्या ताटलीवर ठेवायचे. खाली दोन-चार बर्फाचे खडे. असा एक वेढा एका वेळी उचलता येतो, गुंता होत नाही.

त्सुयूच्या वाटीत थोडं आलं आणि पात घाला, सगळं एकदम नको. वेढ्यातले थोडे धागे उचला, अर्धेच बुडवा आणि सरळ ओढून घ्या. आवाज होणारच, जपानमध्ये त्याचं कुणाला काही वाटत नाही. अर्ध्यावर आल्यावर वाटीत तीळ घाला, चव बदलते. त्सुयू फिकी झाली तर बाटलीतली थोडी ओता.

मुलांना हा पदार्थ लवकर आवडतो. जपानमध्ये उभ्या चिरलेल्या बांबूच्या पन्हळीतून वाहत्या पाण्यात सोमेन सोडून ते चॉपस्टिकने पकडत खायचा खेळ असतो, त्याला नागाशी सोमेन म्हणतात. क्यूशूतल्या ताकाचिहोला 1950च्या दशकात तो हॉटेलात सुरू झाला. 7 जुलै हा तिथे सोमेनचा दिवस म्हणून पाळतात. तो तानाबाताच्या सणाचाही दिवस असतो.

त्सुयूला जाडसर रूप हवं असेल तर दोन मोठे चमचे भाजलेल्या तिळाची वाटलेली पेस्ट थोड्या थोड्या त्सुयूने सैल करत जा. तिळाची ही त्सुयू काकडीबरोबर छान लागते.

धुतलेलं सोमेन उरलं तर दुसऱ्या दिवशी थंड खाऊ नका, त्याचा कस गेलेला असतो. ओकिनावात त्याचं चान्पुरू करतात आणि उरलेल्या सोमेनला तोच योग्य न्याय आहे. उरलेले धागे एक चमचा तेल लावून डब्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी मोठ्या आचेवर तेलात कांदा, गाजर, कोबी परता, सोमेन घाला, चॉपस्टिकने सोडवत दोन मिनिटं परता, कडेने एक चमचा सोया सॉस सोडा. वरून पात आणि मिरपूड घाला. तवा तापलेला असला पाहिजे, नाहीतर धागे तळाला धरतात.